पाव तासाची बचत

पाळी गावाजवळच्या त्या टिपर-डेपोत मला पाठवलं होतं ते बदल घडवायला, आणि बदल घडवायची मला भारी हौस होती. मी मूळची पेडण्याची. पुण्यात शिकून, तिथल्या दोन कंपन्यांत वरच्या खुर्चीपर्यंत पोचून परत आलेली. त्यामुळे इथल्या लोकांचं काय चुकतंय हे मला गाडीतून उतरायच्या आधीच कळायचं. आज हे लिहिताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

खनिज वाहणाऱ्या प्रत्येक टिपरवर दोन ड्रायव्हर असायचे, एक सकाळच्या शिफ्टचा आणि एक दुपारच्या. शिफ्ट बदलताना सकाळचा ड्रायव्हर किल्ली कधी खिळ्याला अडकवत नसे. फाटकाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर दोघं भेटायचे, भाजी-पाव खायचे, चहा घ्यायचे आणि मग किल्ली या हातातून त्या हातात जायची. तेवढा पाव तास सगळे टिपर ओळीने उभे. पहिल्याच आठवड्यात ती ओळ बघून माझं डोकं फिरलं.

तीन महिन्यांत मी ते बंद केलं. किल्ल्यांसाठी ऑफिसात फळा लावला आणि प्रत्येकाच्या मोबाईलवर एक ॲप दिलं. शिफ्ट संपताना ब्रेक, टायर, दिवे, स्टिअरिंग यांच्यापुढे हिरवी किंवा लाल खूण करायची, किल्ली फळ्याला लावायची आणि घरी जायचं. त्यात मी स्वतःच्या अकलेची एक भर घातली. लाल खूण केली की त्या गाडीला शेवटचा हात लावलेल्या मिस्त्रीचं नाव खाली आपोआप उमटायचं. जबाबदारी ठरवायला नको का? मला ती कल्पना इतकी आवडली होती की मी ती जेवणाच्या टेबलावर नवऱ्यालाही ऐकवली होती.

ॲप सुरू झालं आणि माझ्या कॉम्प्युटरचा पडदा हिरवागार. एक लाल खूण नाही. खरं तर तिथेच मला खटकायला हवं होतं. खाणीच्या रस्त्यावर धावणारे जुने टिपर आणि एकाचीही कुरकुर नाही, असं कधी होतं का? पण पणजीचे साहेब खूश होते. बाकीच्या डेपोंतही हेच न्यायचं आणि मीच न्यायचं, असं बोलणं चाललं होतं. ते स्वतः पडदा बघायला आले, तेव्हा मी दारावरच्या सिक्युरिटीला बजावलं की मिटिंग संपेपर्यंत कोणालाही आत सोडायचं नाही.

त्याच दुपारी उतारावर एका टिपरचा ब्रेक लागला नाही. दुपारचा ड्रायव्हर बेळगावकडचा, हुशार माणूस. त्याने गाडी मातीच्या बांधावर घातली म्हणून जिवावरचं पायावर निभावलं. हाड मोडलं, तो दोन महिने घरी बसला.

चौकशी झाली. सकाळच्या ड्रायव्हरने ब्रेकपुढे हिरवी खूण केली होती, वेळेसकट. हा माणूस दोडामार्गकडचा, साखळी गावात भाड्याच्या खोलीत बायको आणि दोन मुलींबरोबर राहणारा, डेपोतला सगळ्यांत जुना ड्रायव्हर. चौकशीत त्याने काही लपवलं नाही.

"ब्रेक नरम लागलो माका," तो म्हणाला. "पण लाल केला असता तर मिस्त्रीच्या नावार गेला असता. तोंडान सांगणार होतंय, पण तो दुसरो ड्रायव्हर भेटाकच नाय."

मिस्त्री त्याच्याच गावचा. गणपतीच्या चवथीला एका घरात जेवणारे दोघं. तोंडाने सांगितलं तर ती माहिती, लिहून दिलं तर ती तक्रार, हा इथला साधा हिशेब. पेडण्यात वाढलेल्या मला तो ठाऊक नसावा? ठाऊक होता. पुण्याहून येताना मी तो तिकडेच कुठेतरी ठेवून आले होते.

पणजीहून निरोप आला की त्याला काढून टाका. मी बरीच घासाघीस केली तेव्हा ते एवढ्यावर आले, की त्याने निष्काळजीपणाचा माफीनामा लिहून दिला तर नोकरी राहील. मला वाटलं, जिंकलं. कागद टाइप करून मी स्वतःच साखळीला त्याच्या खोलीवर गेले. त्याच्या बायकोने "येवा, बसा" म्हणून खुर्ची पुसून दिली. मुली दारातून बघत राहिल्या. त्याने कागद वाचला आणि पेन मागितलं.

तो सही करणार, तेवढ्यात मी म्हटलं, खरं तर नुसतं बोलायचं म्हणून, "दुसरा भेटला नाही तर निदान मला येऊन सांगायचं होतं."

त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, "इल्लंय मॅडम. तुमचा दार बंद होता. आत मिटिंग चालू. साखळीची बस इली, तोपर्यंत उभो होतंय."

"मग हे चौकशीत का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला होता. त्याच्यावर का चढला, देव जाणे.

"तुमच्या नावार गेला असता."

मला अक्षरशः मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याला निष्काळजी म्हणवून घ्यायला कागद घेऊन आले होते, आणि नोकरी जायची पाळी आली तरी हा माणूस मला सांभाळत होता. बायकोने चहा आणला. तो मी संपवला, टाइप केलेला कागद घडी घालून पर्समध्ये टाकला आणि उठले. सही झाली नाही म्हणून ती बिचारी घाबरली. "काळजी करू नका," एवढंच मला म्हणता आलं.

दुसऱ्या दिवशी मी पणजीला अहवाल पाठवला. पाव तास मी बंद केला, मिस्त्रीचं नाव उमटवायची कल्पना माझी, आणि ब्रेक नरम आहे हे सांगायला ड्रायव्हर माझ्या दारापर्यंत आला होता, ते दार मी बंद ठेवायला लावलं होतं. त्याची नोकरी राहिली. बाकीच्या डेपोंचं काम माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिलं. वाईट वाटलं, पण रडावंसं वाटलं नाही.

चौकशीपासून घरी बसलेला हा जुना ड्रायव्हर परत रुजू झाला, त्या दिवशी मी फाटकाबाहेर चहाच्या गाड्यावर गेले. वाटलं होतं, दोन शब्द गोड बोलेल. अहवालातलं त्याच्या कानावर गेलं होतं.

"तुमी ह्या कशाक लिवलास, मॅडम?" तो सगळ्यांसमोर म्हणाला. "माका इचारूक तरी होया होता."

त्याने तोंडाने सांगितलेलं मी कागदावर घातलं, म्हणून तो खरोखरच दुखावला होता. पुढे चार दिवस माझ्याशी धड बोललाही नाही.