मागून न आलेली हाक

कल्याणला आगगाडी येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी आमच्या घरची माणसं संध्याकाळी हौसेनं ती बघायला जात. मला तिचं कौतुक कधी वाटलं नाही. थांब म्हटलं तर थांबत नाही, हळू म्हटलं तर हळू होत नाही, असल्या गाडीतून माणसानं पाहायचं तरी काय? मला आमची दमणी प्यारी. दोन बैलांची हलकी गाडी, वर माफा, आत गादी आणि पुढे धुरेवर कासरा धरून मी स्वतः. वडिलांची भाताची वखार होती. "इंग्रजी शिकवलं ते गाडीवान व्हायला का?" असं ते येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर म्हणत. म्हणोत बापडे. त्या धुरेवर बसून मी संसार केला, हे त्यांना कुठे ठाऊक होतं!

संसार म्हणजे खरोखरच संसार. आमच्याकडे मोठ्यांदेखत नवरा-बायकोनं बोलायचं नाही असा दंडक, आणि घर असं भरलेलं की मोठी माणसं दिसत नाहीत असा कोपराच नव्हता. रात्री बोलावं तर भिंतीपलीकडे आत्याबाई जाग्या. लग्नानंतर कित्येक दिवस बायकोचा आवाज मला माजघरातून दुसऱ्याशी बोलतानाच ऐकू येई.

तिचं माहेर मुरबाडच्या पलीकडे. तिला पोचवायला आणि आणायला जायचं काम मी मागून घेतलं. मग काय, निमित्तांना तोटा नव्हता. तिच्या आईला साधं पडसं झालं तरी मला फार काळजी वाटू लागे. सोबत म्हणून घरची म्हातारी मोलकरीण असायची. चाकं फिरली की ती बसल्या जागी घोरायला लागे. देव तिचं भलं करो.

शहाड मागे पडलं की बायको पडदा वर करायची आणि सरकत सरकत माझ्या पाठीशी येऊन बसायची. नदीच्या उतारात बैल पाणी प्यायला थांबत, तिथपासून आमचं बोलणं सुरू होई ते मुरबाड येईस्तोवर. माघात कापलेल्या भातखाचरांत वाल फुललेला असे. फाल्गुनात पळस पेटायचा, पुढे राब भाजल्याचा धूर शेताशेतावरून उठायचा. मला सगळ्याचं नाव सांगायची भारी खोड. तिला ती नावं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती, पण ती ऐकून घ्यायची. मग हळूच म्हणायची, "अहो, तो पांगारा हो. पळस मघाशी गेला." वाट संपत आली की म्हणायची, "जरा हळू हाका ना." आमच्या बैलांइतके आळशी बैल त्या रस्त्यावर दुसरे नसतील.

मुरबाड आलं की समोर सह्याद्री उभा राही, आणि त्यात नानाचा अंगठा. नाणेघाटाच्या माथ्यावरचा तो सुळका तिच्या परसातून दिसे. तिनं तो जन्मापासून पाहिला होता. जवळ मात्र कधी गेली नव्हती. "इतकी वर्षं मला नुसता अंगठा दाखवतोय मेला," ती म्हणायची. मी शब्द दिला होता, एकदा दमणी माहेरी न थांबवता थेट डोंगराच्या पायथ्याशी नेईन.

पहिलटकरीण म्हणून तिला सातव्या महिन्यात पोचवायला गेलो, तेव्हा वाटेत तिनं त्याचीच आठवण काढली. "आजच जाऊ या का?" मी हसलो. म्हटलं, "बारसं होऊ दे. तिघं जाऊ." ती बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी एकटा परत निघालो. निघताना ती दाराआड उभी होती. सगळ्यांसमोर ती काय बोलणार आणि मी तरी काय बोलणार?

चैत्रात माणूस सांगावा घेऊन आला. मी बैल जुंपले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्यावर चाबूक उगारला. त्यांना हळू चालायची सवय आम्हीच लावली होती. मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. सासूबाईंच्या मांडीवर मुलगी होती. मला रडू आलं नाही. त्या मुक्या जनावरांचा भयंकर राग तेवढा आला.

मुलगी आजोळीच वाढली. मी तिला भेटायला त्याच वाटेनं जात राहिलो. एकदा निघालो असता तिनं मागून "बाबा" म्हणून हाक मारायला तोंड उघडलं, तोच सासूबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. मारलीच, तर त्यानं परत येऊन, क्षणभर टेकून, गूळपाणी घेऊन पुन्हा निघायचं. हे काय मला नवीन होतं? पण सासूबाई एकदम रडायलाच लागल्या.

"जावईबापू, तिनंही नाही हो मारली हाक. तुम्ही निघालात आणि ही पोटुशी बाई मागच्या दारानं वाटेवरच्या आंब्यापर्यंत धावत गेली. मी म्हटलं, अगं, हाक मार, थांबतील ते. तर म्हणते कशी, 'नको, त्यांना नदी ओलांडायचीय.'"

बैलांच्या घुंगुरमाळांत मला पावलंसुद्धा ऐकू आली नव्हती. तिला काय सांगायचं होतं, ते सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी मी बैल सोडले, ओसरीवर टेकलो, गूळपाणी घेतलं. मुलीला म्हटलं, "यापुढे मी निघालो की मागून हाक मारायची. मोठ्यानं."

अंगठा अजून तिथेच आहे. पायथ्याशी मी काही गेलो नाही. मुलगी आता मोठी झाली, पण नेम मोडलेला नाही. दमणी आंब्यापाशी आली की हाक येते. मी बैल वळवतो, दारापर्यंत येतो आणि विचारतो, "काय गं?"

"काही नाही, असंच," ती म्हणते.

तिच्या आईलाही कदाचित एवढंच म्हणायचं असेल. पण मला ते ऐकायचं होतं.