घरच्या वायफायला कुलूप

मुलगी दहावीत गेली आणि मी घरच्या वायफायची फौजदार झाले. राउटरचं ॲप मोबाइलवर घेतलं. कुणाच्या फोनवर कधी काय चालतं ते त्यात दिसायचं. मुलीच्या फोनवर अभ्यास चवीपुरता आणि गोळीबाराचा खेळ पोटभर, हे लगेच कळलं. मग मी गेमना कुलूपच लावलं, सरसकट, घरातल्या सगळ्या फोनांना. शाळेत शिकवते, शिक्षा सगळ्या वर्गाला करायची सवय आहे.

त्यात बाबाही आले. आई गेल्यापासून ते सूर्यमाळ सोडून जव्हारला माझ्याकडे राहतात. त्यांच्या फोनला वायफायशिवाय दुसरं नेट नव्हतं, तेही मीच ठरवलेलं. संध्याकाळी चष्मा लावून लुडो खेळत बसायचे. पलीकडे कुणीतरी अनोळखी असेल, असं मी धरून चालले होते. मुलगी म्हणाली, आजोबांचं तरी चालू ठेव. मी म्हटलं, आज त्यांना सूट दिली की उद्या तू त्यांचाच फोन घेऊन बसशील. ती बसलीही असती.

बाबा संध्याकाळ झाली की फोन बंद करायचे, पुन्हा चालू करायचे, आणि उशाशी ठेवून द्यायचे. जेवण कमी झालं. विचारलं तर म्हणाले, पोट जड आहे. मी ओवा दिला आणि माझ्या कामाला लागले.

आणि एका दुपारी थोरले काका दारात उभे. सूर्यमाळहून, एसटीने. बाबांचे सख्खे भाऊ, पण दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. आमच्याकडे भात-नागलीचं बी पेरायच्या जागेवर आधी फांद्या नि पाला जाळतात, त्याला राब म्हणतात. काकांनी त्या राबासाठी बाबांच्या वाट्याचं ऐनाचं झाड न विचारता छाटलं. बाबा काहीतरी वाकडं बोलले, काकांनी ते मनात धरलं. ऐन दरवर्षी फुटत राहिला, हे दोघे मात्र हटून बसले. आईच्या दहाव्यालासुद्धा काका आले नव्हते. मला त्याचा राग होता आणि तो मी लपवलाही नाही. या म्हटलं नाही, नुसता पाण्याचा तांब्या पुढे केला.

त्यांनी पाणी घेतलं नाही. आत डोकावत हळूच विचारलं, "तो हाय ना गं? मी रोज सांजचा टेकडावर जाऊन बसतो, तिथं रेंज घावते. किती दिस झाले, त्याची सोंगटी हालली नाय."

म्हणजे पलीकडे काका होते. रोज संध्याकाळी हे दोघे एकमेकांशी एक शब्द न बोलता खेळत होते.

"फोन लावायचा ना काका," मी म्हटलं.

"लावला असता नि कोणी उचलला नसता, मंग?"

मला रडू आलं. बाबा मागच्या दारातून आले आणि भावाला पाहून जागीच थांबले. काकांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. बाबांनी माझ्या हातातला तांब्या घेतला आणि स्वतः त्यांच्यापुढे धरला.

"पाणी पी, दादा."

संध्याकाळी मी बाबांच्या फोनवरचं कुलूप काढलं. खेळायला कुणीच बसलं नाही.