शिंत्रे सर आणि अठ्ठ्याण्णव अंश

नववीत शिंत्रे सर पहिल्यांदा वर्गावर आले, ते हातात खडू नव्हे, कपाटाची किल्ली घेऊन. हायस्कूलचं ते काचसामानाचं कपाट आम्ही कधी उघडं पाहिलंच नव्हतं. सरांनी एकेक परीक्षानळी आम्हा मुलींच्या हातात दिली. मी मागे सरले, तर म्हणाले, "घे की. फुटली तर फुटली, काचच हाय."

या गौरवग्रंथात सरांचे डॉक्टर, इंजिनिअर झालेले विद्यार्थी लिहीत आहेत. मी हातकणंगल्याच्या कल्हईवाल्याची मुलगी, घरी शिलाई करते. तरी ही जागा मी हट्टानं मागून घेतली.

सरांचा नियम एकच होता. डोळ्यांना दिसलं तेच वहीत लिहायचं. पुस्तकात पाणी शंभर अंशांना उकळतं. आमच्या कोल्हापुरात पारा अठ्ठ्याण्णवाच्या पुढं सरकेना. मग सर स्टोव्ह घेऊन आम्हाला पन्हाळ्यावर घेऊन गेले, तर तिथं तो आणखी खाली थांबला. जितकं उंच जावं तितका हवेचा दाब कमी आणि पाणी लवकर उकळतं, हे त्यांनी तिथंच समजावलं.

मॅट्रिकच्या प्रात्यक्षिकाला बाहेरचे परीक्षक आले. मी अठ्ठ्याण्णव लिहिलं. त्यांनी त्यावर काट मारून शून्य दिलं आणि मी विज्ञानात थोडक्यात नापास झाले. सरांनी अर्ज केले, खेटे घातले, काही उपयोग झाला नाही. शेवटी ते आमच्या घरी आले. अब्बा म्हणाले, "सर, खरं लिवलं म्हणून पोरगी नापास झाली व्हय?" ऑक्टोबरला मी पास झाले, पण तोवर माझं लग्न ठरलं होतं. कॉलेज राहिलं ते राहिलंच.

दोन वर्षांनी धाकटी बहीण सरांच्या वर्गात होती. एके दिवशी घरी येऊन म्हणाली, "सर म्हणाले, प्रयोगात काही का दिसंना, परीक्षेत शंभरच लिहा." नापास झाले तेव्हा मी रडले नव्हते. त्या दिवशी खूप रडले. माझ्यापायी सरांनी स्वतःचा नियम मोडला होता.

आज सरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. अजूनही ते मला पाहिलं की बोलायचं टाळतात. सर, कॉलेजला गेले नाही याचं दुःख मला आहे, नाही कशाला म्हणू? पण त्याचा दोष तुमच्याकडे कधीच नव्हता. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, ही माझी रोजची दुआ आहे. माझी मुलगी यंदा नववीत गेली. तिला प्रयोग शिकवायला घरी या. फक्त तिला खोटं लिहायला सांगू नका.