दारातली काकडी

नरकचतुर्दशीला कारीट फोडायचं, पण इथे परदेशात, स्कोफिल्ड्समध्ये, कारीट आणायचं कुठून? लॉकडाऊन नुकता उठला होता, देशाच्या सीमा अजून पुरत्या उघडल्या नव्हत्या, आणि घरात बसून बसून माझ्या अंगात धर्म जरा जास्तच संचारला होता. सुपरमार्केटमधून मी एक बेबी ककंबर आणली. पहाटे अंघोळ करून ती पोर्चच्या गुळगुळीत टाइल्सवर ठेवली, डाव्या पायाचा अंगठा रोखला आणि "गोविंदा!" म्हणत दाबला. काकडी निसटली. नरकासुर तीन प्रयत्नांनंतर कसाबसा टाचेखाली सापडला. व्हिडिओ कॉलवर पुण्यात मध्यरात्री जागी राहिलेली आई हसत होती.

"ते उचल आधी," बायको दारातून म्हणाली. "कुणीतरी घसरेल."

"उचलतो गं. फराळ तर करू."

फराळ केला. मग घरूनच ऑफिसची मीटिंग सुरू झाली. साडेदहाला दाराबाहेर धप्पकन आवाज आला.

कुरिअरवाली बाई होती, साधारण माझ्याच वयाची. हातातला खोका एवढा मोठा की पायाखालचं तिला दिसलंच नव्हतं. खोक्यात पोट कमी करायचं यंत्र, अर्थात मीच मागवलेलं. तिचं मनगट नको त्या बाजूला वळलं होतं. "नो वरीज, मेट," ती म्हणाली आणि पांढरीफटक पडली.

मुलीने ॲम्ब्युलन्स बोलावली. बायकोने ओढणीने हात गळ्यात बांधला. वाट बघताना ती बाई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती: व्हॅन तिची स्वतःची आहे, ती कॉन्ट्रॅक्टवर आहे, चालवली नाही तर काम नाही. मी सात-आठ वेळा सॉरी म्हणालो. ॲम्ब्युलन्स तिला वेस्टमीडच्या हॉस्पिटलात घेऊन गेली आणि मी पाइप लावून सगळा पोर्च स्वच्छ धुऊन काढला. सकाळी करायचं ते काम तेव्हा केलं.

दोन आठवड्यांनी तिच्या वकिलाचं पत्र आलं. त्यात माझ्या नावापुढे 'निष्काळजी' असं लिहिलं होतं. बायको वीस वर्षं हेच म्हणते आहे, पण लेटरहेडवर मी पहिल्यांदाच वाचलं.

ते पत्र मी घराच्या विमा कंपनीकडे पाठवलं. त्यांनी एक फॉर्म भरून घेतला आणि सूचना दिल्या: तिला फोन करू नका, भेटू नका, चूक कबूल करू नका. बायकोने तिच्यासाठी चकल्यांचा डबा भरून ठेवला होता, तो आम्हीच संपवला. कंपनीचं म्हणणं होतं की टाइल्सवर काही होतं याला पुरावा नाही. पुरावा मी धुतला होता. उरला होता तो फक्त दारावरच्या बेलच्या कॅमेऱ्यात. त्यात मी होतो, काकडी होती, आणि बायकोचा आवाज होता. हा कॅमेरा तीस दिवसांनी जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसतो. फॉर्मवर 'फुटेज आहे का' हा रकाना मी कोरा ठेवला होता.

जवळच केलीव्हिलला राहणाऱ्या मित्राला फोन केला. पुण्यापासूनचा दोस्त, आयटीवाला, आणि सर्व विषयांतला तज्ज्ञ. फोन स्पीकरवर होता.

"अरे, तू काहीच करू नकोस. पुसलं जाईल आपोआप."

"मी सॉरी म्हणालोय रे तिला."

"त्याची काळजी नको, इथे सॉरी म्हणजे कबुली धरत नाहीत. पूर्वी जो तो उठून केस करायचा. विमा कुणाला परवडेना, म्हणून तर कायदा आवळला. समोर दिसणारा धोका ज्याचा त्याने बघायचा."

"तिच्या हातात माझा खोका होता."

"मग खोका खाली ठेवून बघायचं!"

बायकोने फोन ओढून घेतला. "भावजी, तुम्ही कधी दिवसभर खोके टाकलेत का? दर दाराशी वाकून बघत बसली तर संध्याकाळी घरी तरी जाईल का ती? आवळला तो कायदा तिच्याच गळ्याभोवती ना?"

"वहिनी, उद्या तुमचाच प्रीमियम वाढला की बोलू. आणि सिटिझनशिपचा अर्ज अडकला तर?"

तिने फोन मला परत दिला. अर्ज खरंच टाकलेला होता, आणि काकडीचा त्याच्याशी काही संबंध नाही हे खात्रीने सांगणारं आमच्यात कुणी नव्हतं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे तर आमच्या घरात मुंजीपासून शिकवतात.

पुढचे दिवस मी कॅमेऱ्याचं ॲप उघडायचो, क्लिप बघायचो, बंद करायचो. चार दिवस उरले. तीन. दोन. मुलीने एकदा खांद्यावरून डोकावून पाहिलं.

"बाबा, आर यू वेटिंग फॉर इट टू डिलीट इटसेल्फ?"

"कामात आहे गं मी."

"दॅट्स अ येस."

तू काहीच करू नकोस, असं मित्र म्हणाला होता. पण त्या पत्रात माझ्यावर आरोप तरी दुसरा कसला होता? मी काही केलं नव्हतं, हाच.

एकोणतिसाव्या दिवशी दुपारी मी क्लिप विमा कंपनीला पाठवली. तासाभरात त्यांच्या तपासनिसाचा फोन आला. क्लिप त्याच्यासमोर चालू होती.

"हे तुम्ही पायाने काय करताय?"

"राक्षस मारतोय."

त्याने क्लिप मागे नेऊन पुन्हा लावली. "ओके. आणि मागून बोलणाऱ्या त्या बाई काय म्हणतात?"

बायको समोरच उभी होती. "ती नुसतं हॅपी दिवाली म्हणते" असं म्हटलं असतं तरी मराठी न येणाऱ्या त्याला ते खोटं कळलं नसतं. ते वाक्य जिभेवर आलंही होतं.

"ती म्हणते, हे आधी उचल, कुणीतरी घसरेल."

"तुमचं उत्तर?"

"उचलतो म्हणालो. खाल्ल्यावर."

पलीकडे कीबोर्डचा आवाज येत राहिला. वाक्य छोटं होतं, पण तो फार वेळ टाइप करत होता. मग त्याने विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

"त्यांचा हात कसा आहे?"

"ते मला सांगता येणार नाही."

जूनमध्ये इथली थंडी सुरू झाली तेव्हा कंपनीचं पत्र आलं. मी बाहेर होतो म्हणून बायकोने ते फोडून फोनवर वाचून दाखवलं: जबाबदारी मान्य केली आहे, दावा तडजोडीने मिटला आहे, तुम्हाला कोर्टात यायची गरज नाही.

"म्हणजे तिला मिळालं?" मी विचारलं.

"मिळालं."

"आणि हात?"

कागद उलटल्याचा आवाज आला. मागच्या बाजूला काही आहे का, ती बघत होती.

"त्याबद्दल काही लिहिलेलं नाही," ती म्हणाली.