ड्रमरला काढल्याचं पत्रक

आमच्या घरी बोलणं कमी आणि पत्रकं जास्त. वडील चळवळीतले. चौथीत असल्यापासून मी सायकलोस्टाइलचं हँडल फिरवत आलो. त्यामुळे कॉलेजात आमचा बँड निघाला, तेव्हा पहिलं गाणं बसायच्या आधी मी जाहीरनामा छापला. सिनेमाची गाणी नाहीत. लग्नाच्या वराती नाहीत. पुढाऱ्यांच्या सभा नाहीत.

बँड तिघांचा. मी गिटार वाजवायचो आणि गाणी लिहायचो. वर्गातली एक मुलगी कॅसिओ वाजवत गायची. तिच्या मुंबईच्या मावसभावानं पाठवलेल्या कॅसेटींमुळेच ‘न्यू वेव्ह’ हा विलायती रॉकचा प्रकार वर्ध्यात आमच्या कानावर पडला. ड्रमर जवळच्या आंजी गावचा, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला. त्याचा ठेका कोरडा आणि नेमका. गॅदरिंगला पहिल्या दोन गाण्यांवर हुर्यो उडाली. तिसरं कापसाच्या गाड्यांच्या रांगेवर होतं. त्याला मागची पोरं बाकांवर चढून नाचली. मग नागपूरच्या कॉलेजांतून बोलावणी येऊ लागली.

उन्हाळ्यात केळझरला ड्रमरच्या मामेबहिणीचं लग्न झालं. वरातीत त्यानं गळ्यात ढोल अडकवून सिनेमाची गाणी वाजवली, असं मला तिसऱ्याच कुणाकडून कळलं. त्याला विचारायचं सोडून मी पत्रक काढलं. ‘तत्त्वाशी तडजोड केल्यामुळे आम्ही आमच्या ड्रमरला बँडमधून काढत आहोत.’ बाजाराच्या दिवशी वाटत निघालो.

सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या लावून बसलेल्या बाईनं हात पुढे केला. ती ड्रमरची आई होती.

“काय लिवलं बाबू? वाचून दाखव मले.”

खोटं वाचता आलं असतं. मी खरं वाचलं. शेजारची टमाटेवाली म्हणाली, “घे वो बाई, तुह्या पोराले डिसमिस केलं.”

“काऊन?” आईनं मलाच विचारलं.

“लग्नात वाजवलं म्हणून.”

“तो तं नाईच म्हणून राह्यला होता. तुमचा नियम सांगे. माह्या भाचीचं लगन. मी दोन दिवस बोलली नाई त्याच्याशी, तवा गेला.” तिनं कागद परत माझ्या हातात दिला. “मंग ह्याच्यात माहं नाव लिव.”

संध्याकाळी गाणारीनं मला तालमीच्या खोलीबाहेरच गाठलं. “‘आम्ही’ लिहिलंस. मला विचारलं होतंस?” नव्हतं विचारलं. तिनं आतून कॅसिओ उचलला आणि गेली.

ड्रमर दोन दिवसांनी सामान न्यायला आला. नियम मला आजही बरोबरच वाटतो, पण त्या दिवशी त्याच्याकडे बघवत नव्हतं. स्टँडवर तो एसटीच्या टपावर चढला, मी खालून एकेक ड्रम देत गेलो.

“तू मले म्हटलं असतं, तं मी सोताच सोडला असता बँड,” तो वरून म्हणाला. “मायले भर बजारात नव्हतं वाचून दाखवाचं.”

“तिनंच वाच म्हटलं,” मी म्हणालो.

ते खरं होतं. तो दोर आवळत राहिला.