दाराबाहेरची बाई

रविवारी दुपारी होस्टेलच्या खोलीत मी एका नव्या लेखिकेची भयकथा वाचत होते. मेलेली एक बाई रोज शेजाऱ्यांच्या दाराशी येऊन उभी राहते आणि आतले लोक घाबरून कडी लावतात.

आमच्या घरातली कॉलेजला आलेली मी पहिलीच, म्हणून आज काय वाचलंस, हे आई फोनवर रोज विचारते. गोष्ट ऐकून ती म्हणाली, "अगं, पण तिला काय हवंय, ते कुणी विचारलं का?"

विचारलं नव्हतं. वाचताना मीही आतल्यांबरोबरच घाबरले होते. खरं तर शेजारच्या खोलीत मुली हसतात, तेव्हा मीच त्यांच्या दाराशी रेंगाळून परत येते.

आज दार वाजवलं. हसणं थांबलं.

"कोण गं? काय हवंय?" आतून आवाज आला.

मला त्यांच्यात बसून हसायचं होतं, एवढंच. मी पुन्हा दार वाजवलं.