चंद्रभागेच्या माघारी

ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या चंद्रभागेने १९८६ साली शेजारणींना जमवून मसाल्याचा धंदा मांडला. मिरची निवडण्यापासून गिऱ्हाइकाशी बोलण्यापर्यंत सगळी कामं ती प्रत्येकीला आळीपाळीने करायला लावायची. “मालकीण तू, न दुकानदाराशी भांडायचं आम्ही?” सरस्वती कुरकुरायची. चंद्रभागा नुसती हसायची.

एकदा ऐन हंगामात तिची लेक टिटवाळ्याला सासरीच अवचित बाळंत झाली आणि चंद्रभागेला तिकडे धावावं लागलं. नातीला न्हाऊमाखू घालतानाही तिचा जीव मिरच्यांत अडकलेला.

महिन्याने परतली, तर मसाला कुटायचा डंका जोरात चाललेला आणि डोंबिवलीच्या एका खानावळीची नवी ऑर्डर आलेली. सरस्वती ओशाळून म्हणाली, “तुला न विचारताच हो म्हटलं गो. त्यांच्यासाठी तिखटपण जरा कमी केलं.”

चंद्रभागेने चिमूटभर मसाला जिभेवर ठेवला. सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“अगो, माझ्यापेक्षा बेस झालाय!” तिने सरस्वतीला मिठीच मारली. “आता इथलं तूच बघायचं. मी कल्याणला जागा शोधते.”

दिवाळीच्या आत कल्याणलाही डंका धडधडू लागला.